अबिसिनियातून मुदतीआधी परत

आफ्रिकेतून परत आलेल्या माणसानं निदान एक तरी सिंह पाहिलेला असावा, अशी आमच्या इंदापूर तालुक्यात लोकांची अपेक्षा असते. मी पाहिला नाही. एक तरस पाहिलं, तेही गावाच्या उकिरड्यावर, आणि मला बघून ते पळालं. ज्यांना सिंहच हवा असेल त्यांनी इथंच थांबावं. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही आणि पाहण्याची फारशी घाईही नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी अबिसिनियात इंग्रजी शिकवायला गेलो होतो. करार तीन वर्षांचा होता. निम्माही पुरा न करता राजीनामा देऊन परत आलो. जाताना गावानं हार घातला होता, येताना मी कुणाला कळवलंही नाही. यात एकट्या माझी फजिती असती तर ती मी हसून सोसली असती. मास्तरकीत माणसाला फजितीची सवय होतेच. पण मी निघालो त्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नरसिंहपूरला देवासमोर उभं राहून शब्द दिला होता. पोरगं तीन वर्षांचं काम पुरं करून येईपर्यंत पायात पायताण घालणार नाही, असा.

आबांना समुद्राची फार भीती. त्यांनी आयुष्यात मोठ्यात मोठं पाणी पाहिलं ते पुरातल्या भीमेचं. त्यांनी नुसतं ‘सुखरूप येऊ दे’ म्हटलं असतं तरी देवाला कळलं असतं. पण आमचा सगळा जन्म पाटाच्या पाण्यावर गेलेला. पाण्याची पाळी कधीची आणि किती दिवसांची, हे ठरल्याशिवाय आमच्याकडचा माणूस शेतात दारं धरायला उभा राहत नाही. तीच सवय त्यांनी देवाशी बोलतानाही ठेवली आणि मुदत घालून दिली. मी त्या वेळी हसलो होतो. तीन वर्षं काय, बघता बघता जातील, असं वाटलं होतं.

डोंगरावरची शाळा

जिबुती बंदरात उतरून आगगाडीनं दिरेदावाला जायचं आणि तिथून लॉरीनं डोंगर चढायचा. गाव इतकं उंचावर की सुरुवातीला फळ्यावर एक वाक्य लिहून झालं की मी खुर्ची शोधत असे. ऊन आपल्या चैत्रातलं आणि सावलीत गेलं की हुडहुडी. त्या लोकांच्या वर्षाला तेरा महिने असतात, तेरावा पाच-सहा दिवसांचा. आपल्याला अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, त्यांना दर वर्षी. बुधवारी आणि शुक्रवारी त्यांचे उपास. त्या दिवशी दूधसुद्धा चालत नाही. आपला साबुदाणा त्यांना माहीत नाही, त्यामुळे उपासाला उपाशी राहिल्यासारखं वाटतं तरी.

त्यांची इंजेरा म्हणजे आपल्या आंबोळीची थोरली बहीण. चांगली आंबलेली, परातीएवढी. ती मोठ्या ताटात पसरतात, वर डाळ नाहीतर मटणाचा लालभडक रस्सा वाढतात आणि चौघं-पाच जण त्या एकाच ताटाभोवती बसून जेवतात. माया असली की एकानं घास करून दुसऱ्याच्या तोंडात घालायचा. आपल्याकडे हा मान नव्या नवरीचा आणि तान्ह्या लेकराचा. शाळेच्या स्वयंपाकीणबाईनं मला पहिल्यांदा असा घास भरवला तेव्हा लाजेनं ठसका लागला. तिला वाटलं, तिखट लागलं. ठेच्यावर वाढलेल्या माणसाला तिनं गडबडीनं पाणी आणून दिलं.

शिकवणं मात्र अवघड होतं, आणि दिवसेंदिवस जास्तच अवघड होत गेलं. विद्यार्थी दाढीमिशांचे; कित्येक जण दोन-दोन दिवस अनवाणी डोंगर तुडवत शिकायला आलेले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला त्यांची भाषा येत नव्हती. पाऊस म्हणजे काय हे सांगायला मी एकदा वर्गात पाणी शिंपडलं, तर दोघं उठून छप्पर गळतंय का ते बघायला गेले. हे सगळं मी हसत सोसलं. सोसलं नाही ते जेवणघर.

आमचे हेडमास्तर त्या देशाचे नव्हते, माझ्याही देशाचे नव्हते. समुद्रापलीकडच्या तिसऱ्याच मुलखातून आलेले होते. इंग्रजी लवकर यावं म्हणून त्यांनी नियम काढला की आवारात जो स्वतःच्या भाषेत बोलेल त्याचं त्या दिवशीचं दुपारचं जेवण बंद. नियम राबवायचं काम इंग्रजीच्या मास्तराचं. सगळे ताटाभोवती बसले की मी मागून फिरायचं आणि ज्याचा गुन्हा असेल त्याच्या खांद्याला हात लावायचा. त्यानं उठून बाहेर जायचं.

आपल्याकडे वैरीसुद्धा ताटावर बसला असेल तर त्याला कुणी उठवत नाही. भांडण असलं तर ते माणसाचे हात धुऊन होईपर्यंत थांबतं. मी हे हेडमास्तरांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, ही तुमच्या देशातली गोष्ट झाली. पण ती विद्यार्थ्यांच्याही देशातली होती हे मला लवकरच कळलं. कारण मी काही ना काही सबबी सांगून टाळत राहिलो तेव्हा हेडमास्तरांनी स्वतः येऊन एकाला उठवलं, आणि त्या ताटावरच्या बाकीच्यांनीही हात मागं घेतले. एक गेला तर राहिलेल्यांनी कसं जेवायचं? हेडमास्तरांना ती बंडाळी वाटली. मग रोज एकाच्या गुन्ह्याला चार-पाच जण उपाशी राहू लागले.

तेस्फाये नावाचा एक विद्यार्थी होता. वयानं माझ्याएवढाच, घरी बायको आणि मुलगी. एके दिवशी त्यानं जेवायला बसताना नेहमीसारखं हात जोडून देवाचं नाव घेतलं. स्वतःच्या भाषेत घेतलं, कारण देवाचं नाव दुसऱ्या कुठल्या भाषेत घ्यायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. हेडमास्तर दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मानेनं उठवायची खूण केली. मी तेस्फायेच्या मागं जाऊन उभा राहिलो. त्याला कळलं होतं. त्यानं हात ताटात घातला नव्हता, वाट बघत होता. मी हात लावला नाही. तसाच बाहेर आलो आणि संध्याकाळी राजीनामा दिला.

हेडमास्तर रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, “तुम्ही गेलात म्हणून नियम जाणार नाही.” त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि तेच मला अजून टोचतं. निघायच्या दिवशी तेस्फायेनं माझी ट्रंक लॉरीपर्यंत आणली. लॉरी सुरू झाल्यावर त्यानं मी शिकवलेल्या इंग्रजीत विचारलं, “मास्तर, उद्या कोण?” मला उत्तर देता आलं नाही. माझ्या जागी कुणीतरी येणार आणि त्याच्या खांद्याला हात लावणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

समुद्राबद्दल सांगण्यासारखं काही नाही. जाताना मी डेकवर उभा राहून तो बघितला होता, येताना खाली पडून ऐकला. स्वयंपाकीणबाईनं आठवण म्हणून त्यांच्या लाल मसाल्याची बरणी दिली होती, ती एडनच्या आसपास ट्रंकेत फुटली. मुंबईला उतरलो तेव्हा माझा एकही सदरा पांढरा राहिला नव्हता.

बारामती

दौंडला गाडी बदलून छोट्या गाडीत बसलं की बारामतीपर्यंत जिवाला घाई नसते. गाडी इतकी सावकाश जाते की रुळाकडेच्या शेतातल्या बायका डब्यातल्या माणसांशी निम्मं अर्धं बोलणं उरकून घेतात. दिवस थंडीचे होते. गुऱ्हाळं पेटलेली, हवेत काकवीचा वास. एरवी त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटतं. त्या दिवशी मात्र घर जवळ येतंय या विचारानं मी खिडकीची फळी ओढून घेतली.

आमची थोरली बहीण, आक्का, बारामतीजवळ पाटाकडेला दिलेली आहे. दाजींची वांगी, मिरच्या, पेरू असा बागायती मळा. आक्कानं मला दारात बघितलं आणि आधी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग विचारलं,

“रजा घेऊन आलास व्हय रं?”

“न्हाई. सोडून आलो.”

तिनं हातपाय धुवायला पाणी दिलं. ट्रंक उघडून लाल डागांचे सदरे बघितले, तेव्हा मात्र तिच्या काळजाचं पाणी झालं. “कुनी मारलं का काय तुला तितं?” मसाला आहे म्हटल्यावर तिनं बोट लावून चाखलं आणि म्हणाली, “आपल्या कांदा-लसनापुढं काय न्हाय.”

जेवायला बाजरीची भाकरी, भरीत आणि ठेचा होता. दाजी शेजारी बसले होते. त्यांना सिंह हवाच होता. “बरं, सिंव्ह न्हाय तर न्हाय. पन तितली मानसं कच्चं मटन खात्यात म्हनं, त्ये खरं हाय का?” मी खरं आहे म्हटलं. दाजी इतके खूश झाले की ती बातमी सांगायला शेजारच्या गुऱ्हाळावर गेले. माळेगावला साखर कारखान्याचं धुराडं उभं राहतंय, आता ही गुऱ्हाळं किती दिवस टिकतील, असली बोलणी तिथं चालली होती. त्यात माझं कच्चं मटण जाऊन पडलं.

ते गेल्यावर आक्का माझ्यापुढं बसली. “आबांचं तुला कळवलं न्हाय,” ती म्हणाली. “पानकळ्यानंतर तोडलेल्या उसाचं खोड घुसलं त्यांच्या तळपायात. जखम भरंना. हितं आनून डाक्टरला दावलं, तर मधुमेव निघाला. डाक्टर म्हनला, पट्टी बांधा, पाय कोरडा ठिवा आन् पायतानाशिवाय भुईवर पाऊल टाकू नका. न्हायतर बोटं काढाय लागतील, आन् मग पायबी.”

“मग?”

“मग काय? तीन वर्सं पुरी झाल्याबिगर न्हाय म्हन्त्यात. मी म्हटलं, निदान जाड फडकं तरी गुंडाळा. तर म्हन्ले, फडकं म्हंजे पायतानच की.”

मी तिला राजीनाम्याचं सगळं सांगितलं. जेवणघर, ताटं, तेस्फाये. ती रडली, पण रडता रडताच तिनं विचार करून ठेवला होता.

“त्यातलं काय बी आबांना सांगू नगंस. शाळा बंद पडली, सायेबानं काम पुरं झालं म्हनून सोडलं, असं सांग. कोन बगाय जातंय तितं? येवडं येक खोटं बोल माज्यासाठी. मानसाचा पाय जातोय.”

दुसऱ्या दिवशी मी त्या डॉक्टरांकडेही गेलो. त्यांनी आक्कापेक्षा वेगळं काही सांगितलं नाही. फक्त जास्त हळू आवाजात सांगितलं.

इंदापूर

एस.टी. इंदापूरला पोचली तेव्हा बाजाराचा दिवस होता. माझ्या मांडीवर एका म्हातारीनं विचारल्याशिवाय आपलं मेथीचं गाठोडं ठेवलं होतं आणि मी परदेशातून आलोय कळल्यावरही ते उचललं नव्हतं. अबिसिनियात पाहुण्यासमोर कॉफीचे दाणे भाजतात, कुटतात, मग तीन वेळा कॉफी देतात. तिसरी घेतल्याशिवाय उठणं म्हणजे अपमान. इंदापूरच्या स्टँडवर चहा उभ्यानं घेतात आणि उभ्यानं माणसाची सगळी चौकशी करतात.

चहावाला तात्या मला ओळखत होता. मला घातलेला हार त्यानंच बाजारातून आणून दिला होता.

“मास्तर! लवकर आला म्हनायचं.”

“काम पुरं झालं,” मी म्हणालो.

“झालं पुरं? झकास! आबांनी सोनं केलं तुमचं.” त्यानं दुसरा कप पुढं केला. मी प्यायलो. खोटं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. जीभ अडखळली नाही, चहाही कडू लागला नाही. आमच्या गावाकडं जाणाऱ्या बैलगाडीत बसल्यावर मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं, नवशिका मास्तर पहिल्या तासाला जाताना म्हणतो तसं. काम पुरं झालं. शाळेनं सोडलं. काम पुरं झालं.

नरसिंहपूर

आबा ओसरीवर बसले होते. वाळले होते. डाव्या पायाला पांढरी पट्टी, ती तळाशी मातीनं काळी झालेली. मी वाकून पायांना हात लावला तर त्यांनी तो पाय मागं घेतला आणि उजवा पुढं केला.

“आलास? बरं झालं. प्रवास बरा झाला न्हवं? बोटीत वकारी न्हाय ना झाली?”

मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

“आत्ता काय सांगू नगंस. उद्या देवाला जाऊ. तितंच सांग.”

नरसिंहपूर आमच्या गावाहून दोन कोस. मी गाडी जुंपायला सांगितली. देवाला चालतच जायचं म्हणून आबांनी बैल सोडून दावणीला बांधले. दिवस उगवल्यावर आम्ही निघालो. ते रस्त्याच्या कडेनं, गवत बघून, डाव्या टाचेवर भार देत चालले होते. मी मागून. मध्ये ते एकदा बसले. पट्टीतून पाणी आलं होतं. बसल्या बसल्या त्यांनी मला तिकडची पिकं विचारली. मी सांगितलं, खसखशीपेक्षा बारीक दाण्याचं एक धान्य असतं, त्याची ती आंबोळी होते. “राखन करताना हाल हुत असतील,” ते म्हणाले, आणि उठले.

देवळाच्या पायऱ्यांशी मी बूट काढले. आबा सवयीनं तिथं थांबले, मग काढण्यासारखं काही नाही हे लक्षात येऊन वर चढू लागले. खाली भीमा आणि नीरा थंडीतल्या पाण्यानं संथ येऊन मिळत होत्या. देवळात पुजारी सोडून कुणी नव्हतं. आबा गाभाऱ्यासमोर उभे राहिले, हात जोडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

“सांग आता. पुरं झालं का?”

वाक्य तयार होतं. इंदापुरात दोन कप चहावर पाठ झालेलं वाक्य. मला आक्का दिसत होती, डॉक्टर दिसत होते, ती पट्टी तर समोरच होती. आणि तरी माझ्या तोंडून बाहेर पडलं, “न्हाई आबा. राजीनामा देऊन आलो.”

पुजारी घंटेखाली होते तिथंच थबकले. मी सगळं सांगितलं. आबांनी मध्ये एकदाच विचारलं,

“जेवता जेवता उठवायचं?”

“व्हय.”

“आन् तू उठवलंस?”

“न्हाई.”

मग त्यांचा हात माझ्या पाठीवर आला. “बरं केलंस,” ते म्हणाले. “आपल्या घरात कुनी कुनाला ताटावरनं उठवलं न्हाय. लई बरं केलंस.”

त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. जिबुतीपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं. मी खुळ्यासारखा घाईनं म्हणालो, “मग आबा, आता पायताण घाला. आजच इंदापूरला जाऊन आणू.”

“ते निराळं,” आबा म्हणाले.

“निराळं कसं?”

“तू केलंस ते बराबर हाय. पन मी देवाला तीन वर्सं बोललोय. त्यात ताटाचं काय बोललो न्हवतो.”

पुजारी पुढं आले. म्हणाले, “आबा, याला सोडवणूक आहे. एक अभिषेक करू, देव मोकळा करतो.”

“देव करंल वो मोकळा. देवाचा जीव मोठा हाय. पन बोललोय मी. माज्या बोलन्याचं काय?”

मग मी ते म्हटलं, जे म्हणायचं नाही असं बोटीत ठरवलं होतं. “मी परत जातो आबा. हातापाया पडून उरलेली मुदत भरून येतो.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. “आन् तितं गेल्यावर? उठवशील पोरांना?”

मला बोलता येईना. लॉरीजवळही असंच झालं होतं. आबा उत्तराची वाट बघत राहिले, आणि ते येत नाही हे कळल्यावर मान हलवून म्हणाले, “मग हितंच ऱ्हा. तुजी ऱ्हायलेली मुदत मी चालून काडतो.”

पुढं उन्हाळ्यात बारामतीच्या डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं काढली. आक्का अजून माझ्याशी सरळ बोलत नाही. वाढते आणि उठून जाते. तिचं चुकतं असंही मला वाटत नाही. मी इंदापुरात शिकवणी धरली आहे. मुदत अजून संपायची आहे. चौकशी करणाऱ्यांना मी कच्च्या मटणाचं सांगतो, तेरा महिन्यांचं सांगतो आणि विषय बदलतो.

त्या दिवशी देवळातून परत निघालो तेव्हा ऊन चढलं होतं आणि वाट तापायला लागली होती. आबा पुढं गेले. मी पायऱ्यांपाशी बूट हातात घेतले आणि तसाच त्यांच्या मागं चालू लागलो. थोडं अंतर गेल्यावर सराट्याचा काटा रुतला आणि मी कळवळलो. आबांनी मागं वळून पाहिलं.

“ह्ये काय?”

“तुमच्यासंगं असाच चालतो.”

“घाल पायात.”

“राहू द्या आबा.”

“तू देवाला काय बोलला व्हतास का?”

“न्हाई.”

“मग घाल की. माजं मला चालू दे.”

ते उभे राहिले. मी घातल्याशिवाय पुढं जाणार नाहीत हे दिसत होतं, आणि उभं राहिल्यानं सगळा भार त्या पायावर येत होता. मी वाटेतच खाली बसलो आणि बूट घातले.